नवी पीएचपी मंद कां वाटते?

संकेतस्थळें चालविण्याच्या कामीं येणारी पीएचपी ही संगणक-भाषा रासमुस लेर्डोर्फ यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें आणली. तिची ७.० ही आवृत्ति २०१५ सालीं निघाली व तिनें जुन्या ५.६ हून पुष्कळच अधिक वेग मिळवून दिला. असें असतांही एखाद्या सर्व्हरवर नवी आवृत्ति बसवितांच फाइलींविषयींच्या इशाऱ्यांची रांग लागते, आणि पानें पूर्वींपेक्षां सावकाश उघडूं लागतात. ह्या दोन तक्रारी भिन्न भासल्या, तरी त्यांचें मूळ कित्येकदां एकच असतें.

तें मूळ भाषेंत नसून तिच्या सेटिंग्जमध्यें असतें. डेबियन प्रणालींत ७.४ आणि ८.२ ह्या आवृत्त्यांच्या सेटिंग्जच्या फाइली निरनिराळ्या फोल्डरांत राहतात. जुनीचे फेरफार नवींत आपोआप येत नाहींत. नव्या फाइलींत व्यवस्थापकानें किंवा होस्टिंगच्या पॅनेलनें ‘ओपन-बेसडिर’ हा पूर्वीं नसलेला निर्बंध घातला, म्हणजे प्रोग्रॅमला नेमून दिलेल्या फोल्डरांबाहेर जातां येत नाहीं. बाहेरची एखादी फाइल आहे कीं नाहीं, एवढें नुसतें विचारलें तरी इशारा उमटतो.

आतां मंदपणाचें कारण पाहूं. फाइलीचा खरा पत्ता ठरवितांना पीएचपी मार्गांतील एकेक फोल्डर तपासते. आधीं पेठ, मग गल्ली, मग वाडा, मग खोली. एकदां सांपडलेला पत्ता ती सामान्यतः १२० सेकंद स्मरणांत ठेवते. परंतु हा निर्बंध असतां ती स्मरणवही बंदच राहते. कारण मधल्या वेळांत कोणीं दुवा बदलला, तर जुन्या नोंदीच्या आधारें कुंपण ओलांडलें जाईल. मग शेंकडों फाइलींवर उभ्या असलेल्या संकेतस्थळाला प्रत्येक पानामागें तीच शोधाशोध नव्यानें करावी लागते.

इशारे दडपणें हा ह्यावर उपाय नव्हे. नाकारलेला मार्ग इशाऱ्यांतच लिहिलेला असतो; तो खरोखर आवश्यक असल्यास परवानगीच्या यादींत घालावा, नसल्यास प्रोग्रॅम दुरुस्त करावा. इशारे वाचकाच्या पडद्यावर मात्र दाखवूं नयेत, कारण त्यांवरून सर्व्हरची अंतर्रचना परक्याला कळते. त्यांची नोंद लॉगमध्यें व्हावी.

निर्बंध काढल्यास गेलेला वेग परत येतो. तथापि एकाच सर्व्हरवर अनेकांचीं संकेतस्थळें नांदत असतील, तर एकाच्या प्रोग्रॅममधील दोषामुळें दुसऱ्याच्या खासगी फाइली उघड्या पडण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक स्थळाला आधीं निराळा यूजर व निराळे अधिकार द्यावेत, आणि मगच कुंपणाला हात लावावा.