बंगालच्या बाजूने मराठे

इतिहासाचा तास : लेखांक ९

'अटकेपार झेंडे' आठवी-नववीतल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतात. नागपूरकर रघूजी भोसले यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, ही गोष्टही अभ्यासात कुठेतरी एका ओळीत येऊन जाते. त्या स्वाऱ्या ज्यांच्या भातखाचरांतून गेल्या त्यांनी काय पाहिलं, हे मात्र आपल्या वर्गात फारसं कुणी विचारत नाही. बंगालमध्ये हा प्रश्न विचारावाच लागत नाही. तिथल्या एका घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या अंगाईतच 'बारगी' आहेत, म्हणजे मराठी फौजेतले बारगीर. सारा कुठून भरायचा ही काळजीसुद्धा त्याच अंगाईत आहे.

मागच्या आठवड्यात आपण जर्मनी आणि फ्रान्सचं एकत्र तयार केलेलं इतिहासाचं पाठ्यपुस्तक पाहिलं. २००३ मध्ये बर्लिनला जमलेल्या दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी ते मागितलं आणि २००६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. असं उदाहरण आपली मुलं चटकन स्वीकारतात, कारण परक्यांच्या भांडणात निःपक्षपाती राहायला काही पडत नाही. आपलं नाव समोरच्याच्या तक्रारीत येतं तेव्हा कस लागतो. म्हणून या वेळी बंगाल.

आधी घडलं काय ते. १७४० मध्ये अलीवर्दी खानाने गिरियाच्या लढाईत नवाब सरफराज खानाचा पाडाव करून मुर्शिदाबादची सत्ता घेतली. सरफराज त्या लढाईत मारला गेला. मग ओडिशात आधीच्या नवाबाचा जो नातलग कारभार पाहत होता त्यालाही अलीवर्दीने हुसकावलं. त्या नातलगाच्या पदरी असलेला मीर हबीब हा मूळचा इराणातल्या शिराझचा. त्याने नागपूरकरांशी संधान बांधलं. रघूजींनी आपले कारभारी भास्करराम कोल्हटकर यांना फौजेनिशी रवाना केलं आणि एप्रिल १७४२ मध्ये मराठी घोडी बर्दवानला पोचली. मे महिन्यात मीर हबीबाच्या वाटाडेपणामुळे मुर्शिदाबादेत शिरून सावकार जगत् सेठांचा वाडा लुटला गेला. पावसाळ्यात भास्करराम परतले नाहीत, भागीरथीच्या काठी कटव्याला तळ देऊन राहिले. पुढे जवळपास दहा वर्षं स्वाऱ्या होत राहिल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दीने दरसाल बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा भोसल्यांकडे जाण्याचा रस्ता मोकळा झाला.

नागपूरहून पाहिलं तर यात अन्याय कुठेच नाही. शाहू महाराजांनी तो मुलूख रघूजींकडे नेमून दिला होता. अलीवर्दी हा धन्याला मारून बसलेला माणूस, त्याच्याकडून चौथाई मागण्यात गैर ते काय? मुलांना इथे एक तपशील जरूर सांगावा. १७१९ मध्ये बादशहाने मराठ्यांना चौथाईची सनद दिली ती दख्खनच्या सहा सुभ्यांपुरती होती. बंगाल त्यात नव्हता. हक्क म्हणून जे मागितलं जात होतं त्याला कागदाचा आधार किती आणि तलवारीचा किती, हे चौदा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. आपण त्याला ते तपासायला देत नाही, एवढंच.

आता बंगालकडून पाहू. गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य १७५१ चं आहे, म्हणजे स्वाऱ्या संपल्या त्याच सुमाराचं. शीर्षक ऐकून मराठी मुलांचे कान टवकारतात. त्याची सुरुवातही त्यांना सुखावणारी आहे. पृथ्वीला पापाचा भार झाला, म्हणून शंकराने नंदीला शाहूराजाकडे धाडलं आणि मराठे पाप्यांना शासन करायला निघाले, असं कवी सांगतो. त्यानंतर मात्र गावं पळू लागतात. ब्राह्मण पोथ्यांची ओझी घेऊन निघतात, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन, कुंभार चाक घेऊन. वाटेत एकमेकांना विचारतात, बारगी पाहिले का? कुणीच डोळ्यांनी पाहिलेले नसतात. सगळे पळताहेत म्हणून आम्हीही पळतोय, असं उत्तर मिळतं. मग उघड्या माळावर घोडेस्वार येऊन थडकतात. रुपये मागतात, न देणाऱ्याचे हात, नाक, कान कापतात, बायकांवर अत्याचार करतात, घरं आणि देवळं जाळतात.

इथे वर्गात थांबावं, घाई करू नये. एका नववीच्या वर्गात ही पळणाऱ्यांची यादी वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला तो एका मुलीचा: कुंभाराचं चाक जड असतं, ते घेऊन तो पळेल कसा? पुढचा अर्धा तास त्या चाकाभोवतीच गेला. कुणी म्हणालं, कवीने ओळ जुळवण्यासाठी लिहिलं असेल. कुणी म्हणालं, बैलगाडी असेल. कुंभारवाड्यातून येणारा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, परत यायचं असतं तर चाक नेलं नसतं. दोन-तीन दिवसांसाठी पळणारा माणूस पैसे आणि भाकरी घेतो, धंद्याचं हत्यार घेत नाही. राढ प्रदेशातली, म्हणजे भागीरथीच्या पश्चिमेकडची, असंख्य कुटुंबं त्या वर्षांत गंगा ओलांडून पूर्वेकडे कायमची गेली, हे त्या मुलाला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूने पाहायला शिकवायचं ते असं, एखादी वस्तू हातात देऊन. 'कल्पना करा, तुम्ही १७४२ मधले बंगाली शेतकरी आहात, मनोगत लिहा' हा गृहपाठ अनेक ठिकाणी दिला जातो. तो मला निरुपयोगी वाटतो. मुलं त्यात स्वतःच्याच भावना लिहितात, फक्त धोतर नेसवून. त्या शेतकऱ्याला काय माहीत होतं, कशाची भीती होती, सारा कुणाला भरायचा होता, देवावर कसा विश्वास होता, हे साधनांतून शोधल्याशिवाय त्याच्या जागी उभं राहता येत नाही.

आणखी एक पद्धत शिक्षकांमध्ये लोकप्रिय आहे. हल्लेखोरांची नावं झाकून उतारा वाचायला द्यायचा. मुलं अंदाज करतात, अब्दाली, इंग्रज, पेंढारी. सगळी चिडली की नाव उघड करायचं: मराठे. क्षणभर वर्ग सुन्न होतो आणि शिक्षकाला तास रंगल्याचं समाधान मिळतं. माझा या युक्तीला विरोध आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मूल फजितीला फार घाबरतं. सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला मुलगा त्या पुराव्यावर विश्वास ठेवायचं सोडून बचावाला लागतो, 'हे बंगाल्यांनी रचलेलं आहे' म्हणतो, आणि घरी जाऊन तेच सांगतो. नाव पहिल्या मिनिटाला सांगावं. आज आपण मराठ्यांबद्दल अशा माणसाने लिहिलेलं वाचणार आहोत ज्याने मराठे आपल्या दारात पाहिले, असं सरळ म्हणावं. मुलं ऐकतात.

'मग आपण लुटारू होतो का?' हा प्रश्न तरीही येतोच. तो टाळू नये. विचारणाऱ्या मुलाला परत विचारावं, तुझे खापरपणजोबा त्या फौजेत होते का? बहुतेकांचे नसतात. फौज नागपूरहून निघाली तेव्हा वाटेतल्या वऱ्हाडी कुणब्यालाही तिला कडबा द्यावा लागला असेल. स्वारीत गेलेल्यांतही फरक होता. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची असत, बारगिराला ती सरकारातून मिळत. पगार थकला की पोट लुटीवर. हे सांगितल्याने जळलेली गावं परत उभी राहत नाहीत. पण पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या फौजेसाठी आज वर्गात बसलेल्या मुलाने ना मान खाली घालायची गरज आहे, ना तिची वकिली करायची.

इथेच एक घोटाळाही होतो. 'प्रत्येकाचं आपापलं सत्य' असं म्हणून काही शिक्षक मोकळे होतात. गावं जळली की नाही, हा दृष्टिकोनाचा प्रश्न नाही. गंगाराम तसं सांगतो. बर्दवानच्या राजाच्या आश्रयाला असलेले बाणेश्वर विद्यालंकार १७४४ च्या सुमारास संस्कृतात 'चित्रचंपू' लिहितात, त्यातही मराठ्यांच्या क्रौर्याचं वर्णन आहे. अलीवर्दीच्या नात्यातले गुलाम हुसेन तबातबाई फारसीत 'सियर-उल-मुताखरीन' लिहितात, त्यातही या स्वाऱ्यांची हकिगत येते. तिघांची भाषा वेगळी, आश्रयदाते वेगळे, तरी उद्ध्वस्त मुलखाबद्दल दुमत नाही. नागपूरकर भोसल्यांची बखर एकोणिसाव्या शतकातली, दरबाराचा लौकिक सांगणारी. तिचा भर पराक्रमावर आहे. हे चार कागद शेजारी ठेवले की मुलांना दिसतं की मतभेद घडलेल्या गोष्टीवर कमी आहेत, ती का घडली आणि योग्य होती का, यावर जास्त आहेत.

दोनच बाजू होत्या, हा समजही याच प्रकरणात मोडून निघतो. १७४२ च्या नवरात्रात भास्कररामांनी कटव्याजवळ दाईंहाटला थाटात दुर्गापूजा मांडली. पूजा आटोपायच्या आतच अलीवर्दीने रातोरात नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांना उठून पळावं लागलं. गंगारामाच्या काव्यात ब्राह्मण आणि वैष्णवांचा छळ पाहून स्वतः देवीच भास्करावर कोपते आणि नवाबाच्या बाजूला जाते. मराठे दुर्गा पूजतात, दुर्गा मुसलमान नवाबाला जय देते, मराठ्यांचा वाटाड्या इराणी मुसलमान असतो आणि नवाबाच्या फौजेतले अफगाण पुढे त्याच्यावरच उलटतात. हिंदू विरुद्ध मुसलमान या आजच्या चौकटीत हे बसवून दाखवायला मुलांना सांगावं. ती स्वतःच सांगतात, बसत नाही.

मराठेही एक नव्हते. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः बंगालमध्ये उतरले, ते अलीवर्दीच्या मदतीला. नवाबाने शाहू महाराजांची चौथाई आणि पेशव्यांना फौजखर्चाचे बावीस लाख कबूल केले, आणि पेशव्यांनी रघूजींना बंगालबाहेर रेटलं. अखेर साताऱ्याहून शाहू महाराजांना दोघांच्या हद्दी ठरवून द्याव्या लागल्या. बंगाली शेतकऱ्याने एकाच वर्षात मराठ्यांच्या दोन फौजा पाहिल्या, एक शत्रूची आणि एक रक्षणकर्त्याची, आणि दोन्ही त्याच्याच शेतातून गेल्या. पुढच्या वर्षी, ३१ मार्च १७४४ ला, अलीवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी भास्कररामांना मानकरा या ठिकाणी बोलावलं आणि भेटीच्या तंबूतच त्यांना वीसेक सरदारांसह मारवलं. आपल्याकडे तो विश्वासघात. गंगारामाच्या काव्यात तीच सुटका.

कलकत्त्याच्या इंग्रजांचा आणि तिथल्या रहिवाशांचा अनुभव आणखी निराळा. बारगी येतील या धास्तीने त्यांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे काही आले नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे, मुलांना नकाशात शोधायला लावावी. ओडिशात तर १८०३ पर्यंत मराठ्यांचाच अंमल होता. पुरीच्या जगन्नाथाची व्यवस्था त्यांनी पाहिली, यात्रेकरूंकडून करही घेतला. कोणार्कचा अरुणस्तंभ त्याच काळात पुरीच्या सिंहद्वारासमोर आणून उभा केला गेला. त्याच ओडिशात फकीरमोहन सेनापतींनी 'लछमा' ही कादंबरी मराठी स्वाऱ्यांनी माजलेल्या अंदाधुंदीवर लिहिली.

नववी-दहावीच्या मुलांसमोर शेवटी मी १९०४ साल ठेवतो. देवघर नावाच्या गावाजवळ मराठी घरात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सवासाठी धडपड केली, आणि त्या निमित्ताने रवींद्रनाथ ठाकूरांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. ज्या घरांत अंगाईतून बारगी येत होते त्याच घरांतल्या तरुणांनी शिवाजी महाराजांना आपलं म्हटलं. अंगाई बंद पडली नव्हती. बंगालच्या माणसाला दोन्ही आठवणी एकाच वेळी कशा बाळगता आल्या, यावर मुलांना दोन पानं लिहायला द्यावीत आणि त्यांना गुण देऊ नयेत. वाचून वर्गात चर्चा करावी. काहींना वाटतं, इंग्रजांविरुद्ध उभं राहायचं म्हणून जुनं बाजूला ठेवलं. काही म्हणतात, शिवाजी महाराज आणि रघूजींचे बारगीर यांत बंगाल्यांनी फरक केला, आपण तो करत नाही. दुसऱ्या उत्तरावर वर्गात जोराचा वाद होतो, तो होऊ द्यावा.

पुढच्या आठवड्यात पानिपत, १७६१. त्या लढाईचा एक महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी, काशीराज पंडित, हा मराठी ब्राह्मण अब्दालीच्या बाजूला असलेल्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता आणि त्याने आपली हकिगत फारसीत लिहिली. त्याच्या तंबूतून ती लढाई कशी दिसली, तिथून सुरुवात करू.