दुसरा आकडा

सिकंदराबादच्या पार्कलेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरला पूर्ण नावानं फारसं कुणी ओळखत नाही. सीटीसी म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. मेट्रोनं यायचं तर निळ्या मार्गिकेवर पॅरेडाइजला उतरायचं, बिर्याणीचा मोह टाळायचा आणि चालत सुटायचं. आत दुकानाला दुकान चिकटलेलं. प्रिंटरची शाई, सीसीटीव्ही कॅमेरे, जुने लॅपटॉप, आणि दर चार पावलांवर रंगीत दिव्यांनी उजळलेलं काचेचं कॅबिनेट. दारातला पोरगा चेहरा बघून ओळखतो. "क्या होना भाई? गेमिंग होना?" आणि उत्तराची वाट न बघता, "बजट बोलो पैले."

बजेट होतं साठ हजार. भाचा नांदेडचा, इथं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "मॉनिटर धरून साठ, मामा. आई म्हणाली, यावर एक रुपया नाही." मराठवाड्याला हैदराबादची खरेदी नवी नाही. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग होता, आणि लग्नाच्या बांगड्यांसाठी लाड बाजार गाठणारी घरं आजही आहेत. आता पोरं गेमिंगचं मशीन जुळवायला येतात, एवढाच फरक. भाच्याच्या मोबाइलमध्ये यूट्यूब बघून केलेली यादी होती. ती ऑगस्टमधली होती, आणि आम्ही गेलो २०२६ च्या संक्रांतीनंतर. या पाच महिन्यांत काय झालं ते पुढे येईलच.

या बाजाराची एक रीत आहे. प्रत्येक भागाला दोन आकडे असतात. एक दुकानदार ओरडून सांगतो आणि दुसरा खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला असतो. पैसे पहिल्यावर घेतले जातात, खेळ मात्र दुसऱ्यावर चालतो.

पहिल्याच दुकानात याचा नमुना मिळाला. "आय-सेवन, सोला जीबी, चार जीबी ग्राफिक्स, सब मिला के बाईस हजार." भाच्याचे डोळे चमकले. आय-७ हे तर मोठ्या माणसाचं यंत्र! मी विचारलं, कितवी पिढी? "थर्ड जनरेशन, साब. मस्त चलता." म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर, चार कोअर, आठ थ्रेड, कुठल्या तरी कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या मशीनमधला. त्याला नवा कोरा बोर्ड लावलेला. चार कोअर-आठ थ्रेड हेच गणित २०२२ च्या आय-३ १२१००एफ या साध्या प्रोसेसरचंही आहे, आणि तो या म्हाताऱ्या आय-७ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते, तेही टीपीएम २.० सकट. व्हॅलोरंट हा भाच्याचा मुख्य खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एवढं बोलून झालं तरी दुकानदार शांत. "आपकी मर्जी. रोज दो-चार जाते ये."

ते चार जीबी ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०, २०१४ सालचं. कार्डवरची मेमरी चार काय, आठ जीबी दिली तरी चिपच मंद असेल तर ती वापरणार कोण? रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटात जे फुकटचं ग्राफिक्स येतं, तेही या कार्डाहून वेगवान आहे. नावातला जी म्हणजे ग्राफिक्स आत आहे. इंटेलच्या नावाला एफ असेल तर ग्राफिक्स नाही, कार्ड वेगळं घ्या. ही दोन अक्षरं न बघता खरेदी करणारा घरी जाऊन काळा पडदा बघत बसतो.

दुसऱ्या मजल्यावर एक बरं दुकान सापडलं. काउंटरवरच्या माणसानं कोटेशनचं पॅड पुढे ओढलं आणि पेन टेकवलं. प्रोसेसर आणि बोर्डवर फार वेळ गेला नाही. एएमडीचं नवं एएम-५ घराणं फक्त डीडीआर-५ रॅम घेतं, आणि तेव्हाच्या भावात साठ हजारांच्या बजेटला ते परवडत नव्हतं. जुनं एएम-४ सॉकेट २०१७ पासून रायझनला आधार देतंय, त्याला डीडीआर-४ चालते. रायझन ५ ५५००, सहा कोअर, बारा थ्रेड, आणि बी-४५० बोर्ड. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचं बायोस या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. त्यानं स्वतःहूनच सांगितलं, "अपडेट मार के देतौं, टेन्शन नक्को."

रॅमवर मात्र पेन थांबलं. "आज का रेट बोलरौं. शाम का नै मालूम."

हे काही विक्रीचं कौशल्य नव्हतं. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव दुपटी-तिपटीनं वाढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांत होते, आणि तिघींनाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरचं गिऱ्हाईक जास्त फायद्याचं वाटू लागलं. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की मायक्रॉनचं मोठं विकासकेंद्र याच शहरात आहे, एएमडीचं आहे, एनव्हिडियाचंही आहे. ज्या निळ्या मार्गिकेवरून आपण पॅरेडाइजला येतो, तीच पुढे हायटेक सिटीला जाते. तिकडे चिपची रचना करणारे बसतात आणि इकडे त्यांची किंमत ऐकून घाम पुसणारे.

भाच्याच्या यादीतली बत्तीस जीबी एका फटक्यात सोळावर आली. मग प्रश्न, सोळाची एक पट्टी की आठच्या दोन? "एकीच लेलो, आगे अपग्रेड कू आसान," असं दुकानदाराचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, बोर्डला दोनच खाचा होत्या. पण प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा असतात, आणि एकच पट्टी लावली की एक वाट बंद. पंगतीला वाढपी चार असले आणि स्वयंपाकघराला दार एकच उघडं असलं तर जे होतं, तेच. आणि या भावात हा मुलगा पुढची दोन-तीन वर्षं दुसरी पट्टी घेणार नाही, हे मला दिसत होतं. आठच्या दोन, ३२०० मेगाहर्ट्झच्या.

आता ग्राफिक्स कार्ड. बजेटचा एक तृतीयांश यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा. गेमिंगच्या मशीनमध्ये काटकसर इथे सर्वात शेवटी करायची. भाच्याला आरटीएक्स ३०५० हवं होतं, कारण ते एनव्हिडियाचं आणि वर्गातल्या एकाकडे तेच. पण ३०५० या एकाच नावानं दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं आठ जीबीचं, २५६० कोअरचं. २०२४ चं सहा जीबीचं, २३०४ कोअरचं, आणि मेमरीची वाट १२८ बिटवरून ९६ बिटवर आणलेली. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. जुन्या बाजारात आरएक्स ५८०चं असंच आहे. मूळ कार्डात २३०४ प्रोसेसर, आणि '२०४८एसपी' अशी शेपटी लावलेल्या चिनी अवतारात नावाप्रमाणे २०४८. त्यातली कितीतरी इथेरियम या आभासी चलनाच्या खाणीत रात्रंदिवस जुंपलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं खाणकामाची ती पद्धतच सोडली आणि सगळा माल बाजारात आला.

"पण मामा, कॉलेजच्या मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला कुडा लागतं. ते एनव्हिडियातच असतं." हा मुद्दा खरा होता, आणि मला तो आवडला, कारण दिवसभरात आकड्यांच्या पलीकडचं काही पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. मशीन लर्निंगचं काम रोजचं असतं तर मी एनव्हिडियाच घ्यायला लावलं असतं. पण सेमिस्टरला एक प्रोजेक्ट असेल तर गूगलच्या कोलॅबवर फुकट मिळणारं ग्राफिक्स पुरतं. खेळ रोज रात्री चालणार आहे. आरएक्स ६६०० ठरलं. आठ जीबी, १३२ वॉट, आणि खेळात ३०५०च्या पुढे. ५५०० प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसची तिसरीच पिढी देतो, पण ६६००ला आठ वाटा असल्यानं ते फारसं अडत नाही. त्याच घराण्यातलं स्वस्त ६५०० एक्सटी घेतलं असतं तर तिथे वाटाच चार, आणि जुन्या पिढीच्या बोर्डवर त्याचा श्वास कोंडतो.

पाऊण यादी झाल्यावर दुकानदारानं कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, काउंटरवर ठेवला. पुढे ठळक छापलेलं, ५०० वॉट. मी तो आडवा केला. एका बाजूला स्टिकर असतं, त्यावर एक तक्ता. वरच्या ओळीत ३.३, ५, १२ असे व्होल्ट, खालच्या ओळीत प्रत्येकाचे अँपिअर. हल्लीच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टमधूनच ओढतात, बाकीचे रकाने शोभेला म्हटले तरी चालेल. १२ च्या खाली लिहिलं होतं १८. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. कार्डाचे १३२, प्रोसेसरचे ६५, वर बोर्ड, पंखे, डिस्क. खेळ रंगात आला की कार्ड क्षणभर याहूनही जास्त मागतं. मग एकतर मशीन धाडकन बंद पडतं, नाहीतर हा डबा जाताना आपल्याबरोबर आणखी कुणाला तरी घेऊन जातो. भाच्यानं मोबाइलवर गुणाकार पुन्हा करून पाहिला. दुकानदार हसला आणि मागच्या फळीवरून ५५० वॉटचा दुसरा काढून ठेवला. १२ च्या खाली ४४. हा हातात घेतल्यावरच जड लागत होता. त्यावरच्या ८० प्लस ब्राँझच्या शिक्क्याचं फार कौतुक केलं जातं. तो फक्त एवढंच सांगतो की वीज किती वाया जाते. निम्म्या भारावर ८५ टक्के कामी येते, इतकंच. भाग कसे आहेत ते कंपनी किती वर्षांची वॉरंटी देते त्यावरून जास्त कळतं.

फरकाचे पैसे कॅबिनेटमधून काढले. पुढून अखंड काच आणि आत तीन रंगीत पंखे असलेल्या खोक्यावर भाच्याचा जीव जडला होता. "मामा, दिसतं किती भारी!" दिसत होतंच. पण मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, वसतिगृहात एसी नाही, आणि काचेतून वारा आत येत नाही. पुढून जाळी असलेलं साधं काळं कॅबिनेट घेतलं. चेहरा पडला, पण यादी साठ हजारांत बसली. डिस्क पाचशे जीबीची, एनव्हीएमई. तशीच दिसणारी साटाची पट्टीही त्याच आकारात मिळते, तेवढं खोक्यावर वाचून घेतलं. कीबोर्ड-माउस जुनेच. विंडोजचं लायसन्स हा विषय या इमारतीत सगळेच हळू आवाजात बोलतात.

जुळणी मागच्या टेबलावर झाली. तिथला मुलगा विशीचा, नखं बारीक कापलेली. प्रोसेसर चिमटीत कडेनं धरून त्यानं कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला. एएम-४मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, इंटेलच्या त्या बोर्डात असतात, त्यामुळे चूक झाली तर कुणाची वस्तू जाते तेही ठरलेलं. त्यानं चिप दाबली नाही, नुसती सोडली. ती आपली आपण बसली, मग खटका खाली. वर वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा. केबलचे बंद आवळण्याआधी मशीन चालू करून पाहिलं. पडदा उजळला, बायोस आलं. मेमरीच्या ओळीत २६६६.

"भैया, ये तो ३२०० की है ना?" भाच्यानं विचारलं. मुलानं न बोलता दोन कळा दाबल्या, एक्सएमपी चालू केलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि ३२०० दिसले. रॅम सावध वेगानंच सुरू होते आणि कुणी सांगितलं नाही तर कायम तशीच राहते. मॉनिटरचंही तसंच. १६५ हर्ट्झचा पडदा विंडोजमध्ये निमूटपणे ६० वर चालत राहतो. घरोघरी किती मशीनं अशी अर्ध्या जोरावर पळत असतील!

बिल जीएसटीसह घेतलं. बिनबिलाचा भाव प्रत्येक दुकानात सांगितला जातो आणि अठरा टक्के वाचणार म्हटल्यावर मन हलतंच. पण कार्ड वर्षभरानं गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा बिलच मागतो. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घेतला. यात पंधरा मिनिटं गेली, दुकानदार थोडा वैतागला.

निघताना त्यानं यूपीएस दाखवला. ६०० व्हीए. भाच्यानं तो उचलून उलटा केला, मागचं स्टिकर वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तीनशे साठ वॉट." खेळ चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून जेमतेम त्यात बसले असते, काही मिनिटं मिळाली असती. पण पैसे संपले होते, यूपीएस पुढच्या महिन्यावर गेला. जिन्याजवळच्या दुकानात मात्र भाचा थांबला आणि स्वतःच्या खिशातून कॅबिनेटच्या आत चिकटवायची रंगीत दिव्यांची पट्टी घेतली. तिच्याबरोबर रिमोटही होता.