आकाशाच्या नोंदी (लेखांक ६) : आकडा एकटा पाठवू नये

ऑगस्ट उजाडला की फोनवर एक निरोप फिरू लागतो. २७ तारखेच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात जणू दोन चंद्र असणार, असा योग पुन्हा हजारो वर्षं येणार नाही, तेव्हा मुलाबाळांना जरूर दाखवा. पाठवणारा भल्या हेतूने पाठवतो. मुलं गच्चीवर जातात, ढगांतून जेवढं दिसेल तेवढं पाहतात आणि हिरमुसून खाली येतात. आकाश पाहायची ओढ लागण्याच्या वयात अशी फसगत होते, याचं मला फार वाईट वाटतं.

या निरोपाचं मूळ खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या रात्री त्याचं बिंब २५ विकलांचं होतं. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकलांच्या थोडा वर असतो. आता २५ ला ७५ ने गुणा. उत्तर येतं १,८७५. म्हणजे ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ जेवढा दिसला असता, तेवढाच नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो. त्या वेळी ई-मेलने फिरलेल्या मजकुरात हेच लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. पण वाक्य मध्येच तुटून उरलेला भाग खालच्या ओळीवर गेला. वाचणाऱ्यांनी खालचीच ओळ उचलली. पुढच्या वर्षी सालही गळालं. दुर्बीण गेली, साल गेलं, उरला फक्त चंद्राएवढा मंगळ.

हे खोटं आहे हे कळायला मोठं गणित लागत नाही. मंगळाचा व्यास चंद्राच्या जेमतेम दुप्पट आहे. तो चंद्राएवढा दिसायचा तर त्याला चंद्राच्या दुप्पट अंतरावर, साधारण साडेसात लाख किलोमीटरवर यावं लागेल. तो येतो तो कोटींत. शिवाय मंगळ पृथ्वीच्या जवळ येण्याची वेळ सुमारे २६ महिन्यांनी येते, त्यामुळे दर वर्षी ऑगस्टचा मुहूर्त कसा साधेल?

गेल्या आठवड्यात आपण निरीक्षणाच्या वहीत काय लिहायचं ते पाहिलं. वही आपल्यापुरती असते. आज तीच नोंद दुसऱ्याला पाठवायची झाली तर काय करायचं ते पाहू. आपल्याकडे आकाशाची हौस जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना अंधाऱ्या आकाशाखाली घेऊन जातं. अशा गटांतली एखादी हौशी व्यक्ती दर आठवड्याला वीस-पंचवीस जणांना ई-मेलने छोटं पत्रक पाठवते: कोणता ग्रह कधी उगवतो, कोणतं रॉकेट गेलं, अवकाश स्थानक आपल्या डोक्यावरून कधी जाणार. हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्यात एकच पथ्य मी सगळ्यांत वर ठेवीन. आकडा एकटा पाठवू नये. तो कधीचा, कुठला आणि कशातून मोजलेला, ही त्याची सोबत सुटली की चांगल्या आकड्याचाही दुसरा मंगळ होतो.

हे पथ्य कसोशीने पाळणाऱ्या एका माणसाचं पत्रक मुद्दाम पाहण्यासारखं आहे. जोनाथन मॅकडॉवेल हे क्ष-किरण खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात त्यांनी चंद्रा दुर्बिणीवर काम केलं. ही दुर्बीण आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. नोकरीच्या कामापलीकडे १९८९ पासून ते ‘जोनाथन्स स्पेस रिपोर्ट’ काढत आले आहेत. त्यात साधी अक्षरं आणि एक तक्ता असतो. तक्त्यात उड्डाणाची तारीख, जागतिक वेळ, उपग्रहाचं नाव, रॉकेट, तळ, उद्देश आणि आंतरराष्ट्रीय क्रमांक. चित्रं नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत. जगभरचे पत्रकार आणि अभ्यासक उड्डाणांच्या माहितीसाठी त्यांच्याकडे वळतात, कारण कोणताही आकडा तिथे सोबतीशिवाय येत नाही.

त्या तक्त्यातला जागतिक वेळेचा रकाना किती महत्त्वाचा, हे मंगळयानावरून कळतं. पृथ्वीची कक्षा सोडून मंगळाकडे निघण्यासाठी यानाचं इंजिन पेटलं ते भारतीय वेळेनुसार १ डिसेंबर २०१३ रोजी मध्यरात्री १२ वाजून ४९ मिनिटांनी. जागतिक वेळेनुसार तेव्हा ३० नोव्हेंबरचे १९ वाजून १९ मिनिटं झाली होती. एकच घटना, पण तारखा दोन आणि महिनेही दोन. दोन्ही बरोबर. घड्याळ कुणाचं हे लिहिलं नाही तर दोन पत्रकांतला कुणी तरी चुकला असं वाचणाऱ्याला वाटेल. माझं मत असं की मराठी पत्रकात मजकुरात भारतीय वेळ द्यावी, कारण वाचणारा आपल्या घड्याळाकडे पाहून गच्चीवर जाणार आहे. तक्त्यात मात्र जागतिक वेळच ठेवावी, म्हणजे पुढे ती कुणाच्याही नोंदीशी ताडून पाहता येते.

‘उड्डाण यशस्वी’ हे दोन शब्द तर मी सहसा लिहूच नयेत असं म्हणेन. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही पहिल्यांदा उडालं. त्यात ईओएस-०२ हा उपग्रह होता आणि देशभरातल्या शाळांतल्या मुलींनी बनवलेला आझादीसॅटही. रॉकेट उडालं, टप्पे सुटले, उपग्रह वेगळे झाले. ठरली होती ३५६ किलोमीटर उंचीची वर्तुळाकार कक्षा. मिळाली ३५६ गुणिले ७६. म्हणजे कक्षेचं एक टोक ३५६ किलोमीटरवर आणि दुसरं टोक ७६ वर. ३५६ हा एकच आकडा छापला असता तर सगळं ठीक झालं असं वाटलं असतं. खरी बातमी दुसऱ्या आकड्यात होती. ७६ किलोमीटरवर हवा इतकी असते की उपग्रह एक फेरीही धड पुरी करू शकत नाही. दुसरा टप्पा सुटतानाच्या कंपनांमुळे संवेदक बिघडले असं रॉकेटवरच्या संगणकाने मानलं आणि त्याने राखीव वाट धरली, हे कारण नंतर पुढे आलं. १० फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ते सुधारलं गेलं.

३१ ऑगस्ट २०१७ ची आयआरएनएसएस-१एच ची गोष्ट आणखी अवघड. रॉकेटचे टप्पे चालले, पण वरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. उपग्रह कवचातच अडकून पृथ्वीभोवती फिरत राहिला. तो कक्षेत पोचला का? पोचला. कामाला आला का? नाही. म्हणून उड्डाणाच्या नोंदीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: रॉकेट कुठवर गेलं, कक्षा कोणती मिळाली आणि उपग्रह बोलू लागला का. तिसऱ्याचं उत्तर त्या आठवड्यात मिळालं नसेल तर रकाना रिकामा ठेवावा आणि मिळाल्यावर पुढच्या अंकात भरावा.

आता पत्रकातलं सगळ्यांचं आवडतं सदर, अवकाश स्थानकाचं दर्शन. त्याच्या मुळाशी दोन ओळींची कक्षामूल्यं असतात. अमेरिकेचं लष्करी निरीक्षण जाळं ती प्रसिद्ध करतं. प्रत्येक ओळीत ६९ अक्षरं. पहिल्यांदा पाहिलं की आकड्यांची नुसती रांग दिसते, पण एकदा उलगडून पाहायला हवी. पहिल्या ओळीत सुरुवातीलाच २५५४४, हा स्थानकाचा यादी क्रमांक. मग ९८०६७ए: १९९८ सालचं ६७ वं उड्डाण, त्यातली पहिली वस्तू. स्थानकाचा पहिला भाग झार्या नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला, त्याचाच क्रमांक सगळ्या स्थानकाला चिकटला. गंमत म्हणजे आज स्थानकातून सोडलेल्या छोट्या उपग्रहांनाही १९९८ चाच क्रमांक मिळतो, पुढची अक्षरं तेवढी बदलतात. साल पाहून उपग्रह जुना ठरवला तर पत्रकात चूक होणारच.

त्यापुढे येतो तो क्षण, ज्या क्षणापुरती ही मूल्यं खरी आहेत: सालाचे दोन अंक, वर्षातला कितवा दिवस आणि त्या दिवसाचा अपूर्णांक. दुसऱ्या ओळीत सुरुवातीलाच ५१.६ च्या आसपास आकडा दिसतो. तो कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल. याच आकड्यामुळे स्थानक पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या थेट माथ्यावरून जाऊ शकतं आणि मॉस्कोच्या माथ्यावरून कधीच जाऊ शकत नाही. ओळीच्या शेवटाकडे १५.५ च्या जवळचा आकडा असतो, तो दिवसातल्या फेऱ्यांचा. दिवसाच्या १,४४० मिनिटांना त्याने भागलं की एका फेरीला ९३ मिनिटं येतात. अगदी शेवटचा अंक पडताळ्याचा. ओळीतले सगळे अंक मिळवायचे, उणे चिन्हाला एक धरायचं आणि बेरजेचा एकं स्थानचा अंक इथे लिहायचा. नक्कल करताना एखादा अंक बदलला तर बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. इतकी काळजी घेतलेली माहिती पुढे पाठवताना आपणही थोडी घ्यावी.

या ओळी शिळ्या होतात. चारशे किलोमीटरवरही विरळ हवा स्थानकाला मागे ओढते, आणि ते खाली येऊ लागलं की इंजिनं पेटवून त्याला पुन्हा वर ढकलतात. असं ढकलल्यानंतर जुन्या ओळींवरून काढलेली वेळ घसरत जाते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातं, त्यामुळे मिनिटभराचा फरक म्हणजे साडेचारशेहून अधिक किलोमीटर. सगळं दर्शनच पाच-सहा मिनिटांचं, त्यात वाचणारा मिनिटभर उशिरा गच्चीवर आला तर बरंच हातचं गेलं. म्हणून पत्रकात ‘सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटं’ एवढंच लिहू नये. कोणत्या गावासाठी, कोणत्या दिशेकडून आणि कोणत्या दिवशीच्या ओळींवरून, हेही लिहावं. नाशिकसाठी काढलेली वेळ सावंतवाडीला जशीच्या तशी चालत नाही.

वेळ आणि जागा प्रामाणिकपणे लिहिली तर हौशी माणसांच्या हातून काय होऊ शकतं, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेतलं आहे. जेफ्री पेरी तिथे भौतिकशास्त्र शिकवत. १९६० पासून त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर यांच्यासह सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकायला सुरुवात केली. पुढे शाळेतली मुलंही यात आली. साधन म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ आणि घड्याळ. शिट्टी वाजवत जाणारी आगगाडी आपल्यासमोरून पुढे गेली की शिट्टीचा सूर उतरतो, तसाच उपग्रह जवळून जाताना त्याच्या संकेताचा सूर उतरतो. तो नेमका कोणत्या क्षणी उतरला ते लिहून ठेवायचं. दुसऱ्या फेरीला पुन्हा लिहायचं. दोन क्षणांतलं अंतर म्हणजे फेरीचा काळ. मुलंही ही नोंद ठेवत.

मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ गेला. फिल्म भरून परत येणारा टेहळणी उपग्रह. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ७२ अंशांनी कललेली होती आणि त्याच्या वेळा बैकोनूरच्या तळाशी काही केल्या जुळेनात. एका उपग्रहावरून तळ सापडत नाही. जमिनीवरच्या त्याच्या मार्गाच्या रेषेवर तो कुठेही असू शकतो. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस १२९ गेला, सुमारे ६५ अंशांचा. पेरींनी दोन्ही मार्ग उड्डाणाच्या वेळेपर्यंत मागे नेले. दोन वेगळ्या कलांच्या कक्षा, पण जमीन सोडली ती एकाच जागेवरून, म्हणजे त्या जागी दोन्ही रेषा एकमेकींना छेदणारच. छेद पडला उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्कजवळ. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांनी हा तळ आधीच टिपला होता, पण ती माहिती तिजोरीत होती. सोव्हिएत संघाने तळ असल्याचं मान्य केलं ते १९८३ मध्ये. तोवर जगाला प्लेसेत्स्क ठाऊक झालं ते शाळेतल्या त्या वह्यांमुळे. त्या नोंदींत वेळ किंवा जागा कच्ची असती तर रेषा छेदल्या असत्या, पण भलतीकडेच.

हीच रीत अजून चालते. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी रेडिओ-निरीक्षक स्कॉट टिली एका गुप्त अमेरिकी उपग्रहाचा माग काढत असताना त्यांना भलताच संकेत मिळाला. त्याच्या सुराची चढउतार त्यांनी कक्षांच्या यादीशी ताडून पाहिली. तो नासाचा इमेज उपग्रह निघाला. २००० साली सोडलेला, डिसेंबर २००५ पासून गप्प झालेला, ज्याची मोहीम संपली असं मानलं गेलं होतं. टिलींनी आपल्या नोंदी उघडपणे मांडल्या आणि महिना संपायच्या आत नासाने तो इमेजच असल्याची खात्री केली.

येत्या आठवड्यात आपल्या गावावरून अवकाश स्थानकाचं दर्शन कधी आहे ते शोधा आणि पाहिल्यावर एका ओळीची नोंद मला पाठवा: गाव, तारीख, भारतीय वेळ सेकंदांसह, उगवण्याची दिशा, सर्वांत जास्त उंची अंशांत, आणि ते सावलीत शिरून नाहीसं झालं असेल तर तो क्षण. डोळ्यांनी पाहिलं की दुर्बिणीतून, तेही. पुढच्या लेखात या नोंदी एकमेकींशेजारी मांडून स्थानक किती उंचीवरून गेलं ते आपण काढू. त्यासाठी एकमेकांपासून निदान शंभर किलोमीटर दूर असलेल्या दोन गावांच्या, एकाच फेरीच्या नोंदी लागतील. कोकण आणि देश असे दोन्हीकडचे वाचक मिळाले तर उत्तमच.