ओठ आणि आवाज

निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर १९८२ साली एक माहितीपट आला, ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. तो युगांतर या गटाने केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोझ कॉन्ट्रॅक्टर ही त्या गटातली माणसं. कृष्णधवल, १६ मिलिमीटरची फिल्म, लांबी सुमारे २५ मिनिटं. बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने या गटाच्या चित्रपटांचं डिजिटल जतन केलं, म्हणून ते आज पुन्हा बघायला मिळतात. अशा चित्रपटात कामगार बाई आपल्या बोलीत बोलते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. आवाज ओठांपासून अर्धा सेकंद सुटला, तर शब्द तेच राहतात, पण ते तिचे वाटत नाहीत. म्हणून आवाज जुळवण्याचं काम मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. बोलणाऱ्याचं बोलणं त्याच्याच पदरात घालायचं, असं ते काम आहे.

१६ मिलिमीटर फिल्मवर आवाज न जुळण्याच्या दोन मुख्य जाती एकाच वेळी बघायला मिळतात. प्रदर्शनाच्या प्रतीवर आवाजाची पट्टी चित्राच्या कडेला असते, पण एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसतो. तो २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. प्रोजेक्टरच्या खिडकीत प्रत्येक चित्राला क्षणभर थांबावं लागतं, आवाजाला मात्र अखंड सरकती फिल्म लागते. म्हणून आवाज वाचणारा भाग खिडकीपासून दूर बसवलेला असतो. स्कॅन करताना हे अंतर हिशेबात धरलं नाही, तर आवाज सेकंदाहून थोडा अधिक आधी येतो, आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तेवढाच आधी येतो. ही झाली कायम फरकाची चूक. आवाज एकदा तेवढा मागे सरकवला की काम झालं.

दुसरी चूक वाढत जाते. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते, आपल्याकडचं दूरदर्शन २५. पंचवीस मिनिटांच्या फिल्ममध्ये ३६,००० चित्रं असतात. ती २५ च्या वेगाने चालवली की २४ मिनिटांत संपतात. आवाज वेगळ्या टेपवरून मूळ वेगाने उतरवला असेल, तर चित्र संपल्यावरही मिनिटभर आवाज चालूच राहतो. इथे आवाज पुढेमागे सरकवून काही होत नाही. सुरुवात जुळवली की शेवट सुटतो. वेगच बदलावा लागतो. दोन्ही एकत्र वेगवान केले तर ओठ जुळतात, पण सूर सुमारे ४ टक्के चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. डिजिटल फाइलला २४ चा वेग चालतो, त्यामुळे जुन्या फिल्मला तोच ठेवणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

म्हणजे काहीही दुरुस्त करण्याआधी फाइल तीन ठिकाणी तपासायची: सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. फरक सगळीकडे सारखा की वाढता, यावर पुढचं सगळं ठरतं. खूण म्हणून चित्रीकरणात पाटी वाजवतात. ती नसेल तर प, ब, भ, म शोधावेत, कारण त्यांना ओठ मिटावेच लागतात. आपल्या लग्नाच्या चित्रणात ही सोय आयती आहे. प्रत्येक मंगलाष्टकानंतर भटजींचं ‘शुभमंगल’ येतं, त्यात भ आणि म लागोपाठ. भटजींचा चेहरा दिसत असेल, तर कडव्याकडव्याला खूण मिळते.

किती फरक खटकतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो. मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातो. सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कान उशिराला क्षमा करतो, घाईला नाही, कारण निसर्गात आवाज नेहमी प्रकाशानंतरच पोचतो.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक गच्चीवरून फोनवर टिपणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. ढोल सत्तर मीटरवर असेल तर टिपरू पडल्यावर आवाज यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे पाच फ्रेम. ती फाइलची चूक नव्हे. खरी अडचण दुसरीच असते. अंधारात अनेक फोन उजेड मिळावा म्हणून चित्रांचा वेग आपोआप कमी करतात आणि दिव्यांच्या रथासमोर पुन्हा वाढवतात. प्रत्येक चित्राची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, त्यामुळे फोनवर सगळं नीट दिसतं. संकलनाचं सॉफ्टवेअर मात्र वेग एकच धरून चाललं, की फरक कधी वाढतो, कधी कमी होतो. अशा वेळी आवाजाला हात लावू नये. संकलनाआधी फाइल ठरावीक वेगात रूपांतरित करून घ्यावी. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे.

कॅसेटवरच्या लग्नांची गोष्ट सर्वांत किचकट. कॅसेट संगणकावर उतरवताना झिजलेल्या टेपमधून येणारा सिग्नल डळमळतो आणि संगणकाकडून मधली चित्रं निसटतात. आवाज अखंड राहतो. निसटलेल्या प्रत्येक चित्रामागे आवाज ४० मिलिसेकंद मागे पडतो, म्हणून इथला फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. व्हीएलसीमध्ये ‘जे’ आणि ‘के’ ही बटणं दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागेपुढे करता येतो. कायम फरक मोजायला ती युक्ती उत्तम, इथे मात्र निरुपयोगी. फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवता येतो, पण निसटलेली चित्रं परत येत नाहीत. टाइम बेस करेक्टर हे यंत्र मध्ये जोडून कॅसेट पुन्हा उतरवणं हाच त्यावरचा खरा इलाज. त्यासाठी चालू व्हीसीआर हवा, आणि जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर कुठे तयार होत नाही.