सुरूचं सरपण: वजन विकत घेताय की उष्णता?

मालवण पट्ट्यात काजू कारखाना, बेकरी किंवा ब्रिकेटचं युनिट टाकायचं असेल, तर जळणाचं रसायन समजून घ्या. युरोपात जळणासाठी विलो लावतात. आपल्या किनाऱ्यावरचं तसं झटपट वाढणारं झाड म्हणजे सुरू.

लाकडात असतं काय?
कोरड्या लाकडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज. उरलेल्यात मुख्यतः हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निनमध्ये कार्बन जास्त, म्हणून उष्णताही जास्त. ब्रिकेट दाबताना तेच मऊ होऊन माल चिकटवतं.

राख कुठून येते?
आतल्या लाकडात राख कमी, साल आणि पाल्यात जास्त. बारीक फांद्यांत सालीचा वाटा मोठा, म्हणून राखही जास्त. किनाऱ्यावरच्या मालाला वाळू आणि खारं वारं लागतं. मिठातल्या सोडियममुळे राख लवकर वितळून जाळीवर गठ्ठे बसतात. क्लोरीन लोखंड खातं.

खरा हिशोब पाण्याचा
ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १ टनात लाकूड फक्त ५०० किलो! ओलावा २० टक्के असेल तर तेच ८०० किलो. शिवाय दर किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी जातात, त्या वेगळ्याच.

मग करायचं काय?
- माल पावसाआधी सुकवून शेडमध्ये ठेवा.
- मॉइश्चर मीटर घ्या. दर ओलाव्यावर ठरवा.
- किनाऱ्यावरचं सुरूबन वारा-वाळू अडवतं, ते जळण नव्हे. माल खासगी लागवडीचाच घ्या, तोडीची परवानगी बघूनच.