दोन माणसांची गाडी

हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि सहाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. निघताना पथ्यं सांगितली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खुर्ची उंच हवी. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "गाडी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणालो. ही माझ्याकडे बघून नुसती हसली.

गाडी होती. १९५१ सालची एमजी टीडी, लाल रंगाची, उघडी, दोन माणसांची. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय आत टाकायचे, मग पाटावर टेकावं तसं स्वतःला खाली सोडायचं आणि पाय समोर लांब करायचे. बाहेर पडणं त्याहून कठीण. नवे गुडघे बसवलेल्या बाईला त्या गाडीतून नेणं म्हणजे डॉक्टरांची सहाही दिवसांची मेहनत पाण्यात घालणं. शेवटी शेजारी आपली गाडी घेऊन आले. २०१९ साली ज्या गाडीनं एमजी हे नाव भारताच्या बाजारात आलं, तीच ही गुजरातेत हालोलला तयार झालेली उंच, ऐसपैस गाडी. नाकावर तोच अष्टकोन. म्हणजे ही घरी आली ती एमजीतूनच, फक्त माझ्या नव्हे.

त्या रात्री हिनं काही टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती काहीच बोलली नाही.

गाडी माझ्याकडे आली १९८८ साली. मी तेव्हा वाईला बँकेत अधिकारी होतो. एका खातेदाराच्या तारणाची पाहणी करायला पाचगणीला गेलो असता शेजारच्या बंगल्यात, पत्र्याच्या शेडखाली ती दिसली. अंगावर गोणपाट आणि कोंबड्यांची घाण. मालक वयस्कर पारशी गृहस्थ. "डिकरा, लोखंड म्हणून घ्यायला आलास की गाडी म्हणून?" एवढंच त्यांनी विचारलं. 'गाडी म्हणून' असं मी का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही.

किंमत ठरली माझ्या दहा महिन्यांच्या पगाराइतकी. सदतीस वर्षांच्या जुन्या गाडीला कर्ज द्यायचं नाही, हा बँकेचा नियम मीच रोज लोकांना ऐकवत होतो. तेव्हा पैसे काढले ते पुण्यात फ्लॅट नोंदवण्यासाठी बाजूला ठेवलेले. फ्लॅट चार वर्षं लांबला. हिनं तेव्हाही भांडण केलं नाही, "चालते तरी का?" असं विचारलं. चालत नव्हती. चालायला पुढं सात महिने लागले.

त्या सात महिन्यांत मला या गाडीची कुळकथा कळली. मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डमधलं दुकान, त्यावरून एमजी. कारखाना जवळच ॲबिंग्डनला, तो १९८० साली बंद पडला. टीडी बनली १९४९ ते १९५३ या काळात, सुमारे साडेएकोणतीस हजार, आणि त्यातल्या बहुतेक गेल्या अमेरिकेला. महायुद्ध संपलेलं, इंग्लंडला डॉलर हवे होते. थोड्या आपल्याकडेही आल्या. पुढं परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले आणि आलेल्या तेवढ्याच राहिल्या. साडेबाराशे सीसीचं इंजिन, दोन कार्बुरेटर, चोपन्न अश्वशक्ती. दार मागच्या बाजूला बिजागरी असलेलं, म्हणजे उलटं उघडणारं. पत्र्याच्या आत सांगाडा चक्क लाकडाचा, त्यामुळे मिस्त्रींच्या जोडीनं एक सुतारही लागला.

मिस्त्री एकदा भलतेच वैतागले. पाना बोल्टच्या डोक्यावर नीट बसायचा, पण त्या पान्याच्या हिशेबानं आणलेला नवा बोल्ट भोकात आटे धरेना. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. या इंजिनाच्या कारखान्याचं मूळ फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. पण इंग्रज कारागिराचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी मात्र इंग्रजी मापाची. "म्हणजे साहेब, बाहेरून एक आणि आतून एक," मिस्त्री म्हणाले. दिवसा कर्जाची प्रपोजलं तपासून रात्री कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला ते ऐकून गाडी आणखीच आपली वाटली.

मग सुरू झाले आमचे पसरणी घाटाचे रविवार. टप मागे टाकायचा, समोरची काच आडवी पाडायची आणि वाईहून निघायचं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही; गाडी चालती असताना त्यात उतरायचं तर इंजिनाचा आवाज कानानं ऐकून, वेळ साधून दांडा टाकावा लागतो. तो वळणावर अलगद पडला की जो आनंद व्हायचा, तो मला बढतीच्या पत्रानंही दिला नाही. शेजारी ही डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून, डोळे मिटून बसलेली असायची. तिलाही तसाच आनंद होत असणार, असं मी धरून चाललो होतो.

पण गाडी दोन माणसांची होती आणि आम्ही तिघं होतो. मुलगी लहान होती तोवर सीटमागच्या सामानाच्या जागेत मावली. सात-आठ वर्षांची झाल्यावर मावेना. त्यानंतर दर मे महिन्यात गावी जाताना या दोघी एसटीनं पुढं जात आणि मी मागून एमजी घेऊन. हे मी कित्येक वर्षं मित्रांना गंमत म्हणून सांगत आलो. आज लिहिताना त्यातली गंमत शोधावी लागते आहे.

पुढं सेकंडहँड मारुतीही आली. पण २०१६ साली सोसायटीचा पुनर्विकास झाला आणि प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला गाडीची एकच जागा आली. कुठली गाडी ठेवायची याचा निर्णय मी एका संध्याकाळी घेतला. मारुती गेली. म्हणजे 'लाडकी की उपयोगाची' हा प्रश्न मला आधीही पडला होता, आणि त्याचं उत्तर मी कोणाला न विचारता दिलं होतं.

गुडघ्यांच्या निमित्तानं तो पुन्हा पडला. सवयीप्रमाणे कागद घेतला, मधोमध रेघ मारली. विकण्याच्या बाजूला बरंच जमलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचंही असेल, पण या गाडीच्या जुन्या रबराला आणि कार्बुरेटरमधल्या बुचाच्या वायसरांना ते मानवत नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. सोय चांगली, पण तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. भाजी आणायला न्यायची नाही अशी गाडी ठेवायची म्हणजे घरच्या माणसाला काचेच्या कपाटात बसवायचं. ते मला जमलं नसतं.

ठेवण्याच्या बाजूला मी एकच शब्द लिहिला होता : 'एमजी'.

कागद घेऊन हिच्याकडे गेलो. म्हणालो, "अगं, तुझे गुडघे हे असे. आता एखादी उंच बसायची गाडी घ्यायलाच हवी. ही विकून टाकतो."

हिनं हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "अहो, विकायची तर खुशाल विका. पण माझ्या गुडघ्यांच्या नावावर नको. उद्या तुम्ही खिडकीशी उभे राहून त्या रिकाम्या जागेकडे बघणार आणि मी आत बसून ते बघणार. ते कर्ज मला नको."

इतक्या वर्षांत बँकेत माझं एकही प्रपोजल इतक्या सरळ शब्दांत परत आलं नव्हतं.

तेव्हा मी माझी वही काढली. गाडी घेतल्यापासून पेट्रोलचा आणि किलोमीटरचा हिशेब मी लिहीत आलो आहे. १९९० साली गाडी सहा हजार चारशे किलोमीटर चालली होती. २००५ साली अठराशे. आणि गेल्या दोन वर्षांत? सगळे मिळून एकशे चाळीस. तेही बॅटरी उतरू नये म्हणून सोसायटीभोवती मारलेल्या फेऱ्या. क्लच दाबताना माझाच डावा गुडघा दुखू लागला होता आणि घाटाला 'पुढच्या रविवारी जाऊ' असं मीच म्हणत आलो होतो. दर रविवारी गाडी धुऊन पुसून ठेवत होतो आणि तिलाच मी गाडी चालवणं समजत होतो. बँकेत दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरतात. तसली शेकडो खाती मी माझ्या सहीनं वेगळी काढली होती. घरातलं हे एक तेवढं दिसलं नव्हतं.

हिचे गुडघे हे मला सापडलेलं सोयीचं कारण होतं. ते मिळालं नसतं तर मी आणखी दहा वर्षं गाडी पुसत बसलो असतो, आणि मिळाल्यावर विकण्याचं ओझं तिच्यावर ढकलून मोकळा झालो असतो. विकायची तर माझ्या नावावर विकायला हवी होती. तसं हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग ठीक."

दोन गिऱ्हाइकं आली. मुंबईचे एक संग्राहक आले नाहीत, त्यांचा माणूस आला. फोटो काढले, आरसी बुक पाहिलं आणि मी मनात धरलेल्यापेक्षा जास्त आकडा सांगितला. त्यांच्याकडे अशा पुष्कळ गाड्या वातानुकूलित जागेत उभ्या आहेत. दुसरा साताऱ्याचा तरुण इंजिनिअर, बायकोला घेऊन आला. त्यानं बॉनेट उघडून आधी बोल्टचं डोकं बोटानं चाचपलं आणि विचारलं, "काका, आटे मेट्रिकच आहेत ना?" त्याचा आकडा बराच कमी होता. मी गाडी त्याला दिली. जन्मभर लोकांना तोट्याचे व्यवहार करू नका म्हणून सांगितलेल्या माणसानं केलेला हा व्यवहार.

जाताना त्याच्या बायकोला मी एवढंच म्हणालो, "पुढं घरात तिसरं माणूस आलं की याला आठवण करून द्या, गाडी दोघांचीच आहे." ती हसली. तिला तो विनोद वाटला असावा.

आता त्या जागेत राखाडी रंगाची, उंच बसायची चारचाकी उभी असते. दार सरळ उघडतं, ही खुर्चीत बसावी तशी बसते. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि हाच तिचा गुण आहे. मी खिडकीशी उभा राहतो का? राहतो. पण ही आत बसून बघत असते, हे आता मला ठाऊक आहे. मग फार वेळ उभा राहत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं, मुलगी आली होती म्हणून, पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. अर्ध्या घाटात ही म्हणाली, "खाली केवढं दिसतं हो वाई इथून!"

"इतक्या वेळा आलीस की."

"तुमच्या त्या गाडीत वारा आणि धूळ सगळी डोळ्यांत जायची. मी घाटभर डोळे मिटूनच बसायची."

मला उत्तर सुचलं नाही. मागच्या सीटवर मुलगी मोठ्यानं हसली. थोडं पुढं गेल्यावर हिनं हात लांब करून एसी बंद केला आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली. "ओल्या मातीचा वास मात्र त्या गाडीत यायचा," ती म्हणाली.

मीही माझ्या बाजूची काच खाली घेतली.