एम. एफ. डूम : मुखवट्याआडचा शब्दकार

रॅप म्हणजे ठेक्यावर केलेली शिवीगाळ, असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. तो ज्यांचा असेल त्यांच्याशी भांडण्यासाठी हा लेख नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. करताना यमक आणि अनुप्रास यांची ओळख परीक्षेपुरती झाली. पण हे अलंकार आपल्या काळात कोणी जिवंतपणे वापरले आहेत का, हा प्रश्न मनात राहिला. त्याचे एक उत्तर मला डॅनियल डूमिले या कृष्णवर्णीय कलावंताच्या ध्वनिमुद्रिकांत सापडले. जग त्याला एम. एफ. डूम म्हणून ओळखते.

त्याचा जन्म १३ जुलै १९७१ चा, लंडनमधला. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. लहानपणीच तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आला. धाकट्या भावासह त्याने के. एम. डी. नावाचा गट काढला. त्या वेळी तो स्वतःला झेव्ह लव्ह एक्स म्हणवी, आणि भावाचे नाव होते सबरॉक. १९९१ मध्ये एलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने त्यांची 'मिस्टर हूड' ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली. दुसरीचे काम चालू असताना, १९९३ साली, रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून सबरॉक गेला. तो एकोणीस वर्षांचा होता. थोरल्याने काम एकट्याने पुरे केले. पण वेष्टनावर काळ्या माणसाच्या जुन्या विकृत व्यंगचित्राला फाशी दिल्याचे चित्र होते. त्या चित्रावरून वादळ उठले आणि १९९४ मध्ये कंपनीने ध्वनिमुद्रिकाही नाकारली व गटाशी संबंधही तोडले. फाशी द्यायची होती ती त्या अपमानकारक प्रतिमेला, हे कंपनीच्या ध्यानी आले नसेल असे मला वाटत नाही. असो. भाऊ गेला, पोट भरण्याचे साधन गेले, आणि पुढची तीनचार वर्षे हा माणूस जवळजवळ दिसेनासा झाला.

तो परतला तो तोंड झाकून. मॅनहॅटनमधल्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, जिथे होतकरू कवी कविता म्हणत, तिथे तो डोक्यावर स्त्रियांचा पायमोजा ओढून रॅप करू लागला. पुढे त्या मोज्याचा धातूचा मुखवटा झाला. कल्पना घेतली होती मार्व्हलच्या चित्रकथांतील डॉक्टर डूम या खलनायकाकडून. एम. एफ. ही आद्याक्षरे रॅप करताना 'मेटल फेस' आणि संगीत रचताना 'मेटल फिंगर्स', म्हणजे धातूचा चेहरा आणि धातूची बोटे.

इथे 'भूमिगत' या शब्दाचा खुलासा करायला हवा. भूमिगत हिप-हॉप म्हणजे पोलिसांपासून लपवलेले संगीत नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या दाराबाहेर, थोड्या पैशांत आणि थोड्या प्रतींत निघणारे, जाणकारांत हातोहात फिरणारे संगीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या प्राध्यापकांना साठोत्तरी लघुनियतकालिके आठवतील, जात तीच. १९९९ मध्ये आलेली 'ऑपरेशन : डूम्सडे' ही अशीच, बॉबिटो गार्सिया या नभोवाणी-निवेदकाच्या फॉन्डल एम या छोट्या संस्थेने काढलेली.

तिची रचना समजली की पुढचे सारे समजते. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील चारसहा सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, खाली नगाऱ्याचा ठेका घालायचा. याला सॅम्पलिंग म्हणतात. इतर लोक यासाठी दुर्मीळ तबकड्या शोधत. डूमने सरळ शादे, स्टीली डॅन, क्विन्सी जोन्स अशी सर्वांच्या कानांवरची, गुळगुळीत प्रेमगीते घेतली आणि त्यांवर आपला खरखरीत, किंचित थकलेला आवाज ठेवला. मधूनमधून व्यंगचित्रपटांतील डॉक्टर डूमचे संवाद येतात. हसू येत असतानाच एक गाणे लागते, ज्याचे शीर्षक नुसते प्रश्नचिन्ह आहे. त्यात तो मेलेल्या भावाशी बोलतो. त्या ठिकाणी मुखवटा मला पहिल्यांदा करमणुकीचा न वाटता गरजेचा वाटला.

नावे बदलण्याची त्याला हौसच होती. २००३ या एका वर्षात तो किंग गिडोरा झाला (जपानी चित्रपटांतला तीन डोक्यांचा राक्षस) आणि व्हिक्टर व्हॉनही झाला. गडकरी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून लिहीत, हे आपण शिकलो आहोतच. म्हणून मला यात विक्षिप्तपणा दिसला नाही. आपले नाव रोमन लिपीत सर्व मोठ्या अक्षरांतच लिहावे असा त्याचा आग्रह असे. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्याने तो आग्रह मला इथे पाळता येत नाही, आणि मोडताही येत नाही!

२००४ मधली 'मॅडव्हिलनी' ही त्याची सर्वांत वाखाणली गेलेली कृती. तिचे बहुतेक संगीत कॅलिफोर्नियाच्या मॅडलिबचे. त्यातला बराच भाग मॅडलिबने ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत, जवळच्या छोट्या यंत्रावर रचला होता. (याच मॅडलिबने २००७ मध्ये हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे घेऊन एक पूर्ण ध्वनिमुद्रिका केली.) कच्चे ध्वनिमुद्रण चोरीला जाऊन वर्षभर आधीच लोकांत पसरले, तेव्हा डूमने आपला भाग पुन्हा म्हटला, अधिक खालच्या, संथ आवाजात. बावीस तुकडे, सुमारे सेहेचाळीस मिनिटे, धृपद जवळजवळ नाहीच. यमकाची गोष्ट अशी : 'आला'ला 'गेला' जुळवणे सोपे, पण 'पाऊस आला'ला 'माणूस भ्याला' जुळवले तर स्वर ओळीभर जुळतात. डूम हे चारचार ओळी सलग करतो, आणि वाक्याचा अर्थ भलतीकडे वळवून ठेवतो. ऐकणारा यमकाची वाट पाहतो तिथे कधी तो शब्दच गाळतो. मोरोपंतांना हा गडी नक्कीच आवडला असता.

त्याच वर्षीच्या 'एम्एम् फूड'चे नाव म्हणजे त्याच्याच नावाची अक्षरे उलटसुलट केलेली. गाण्यांची नावे खाद्यपदार्थांची. आत मात्र मैत्री, दारू, धंदा. मला ती थोडी पसरट वाटते.

एका गोष्टीत मी त्याच्या बाजूने नाही. २००७-०८ च्या सुमारास काही कार्यक्रमांना त्याने मुखवटा घालून दुसराच माणूस पाठवला. चेहऱ्याला महत्त्व नाही, शब्दाला आहे, हे तत्त्व मान्य. पण तिकीट काढणाऱ्याला शब्द तरी त्याच्या तोंडून मिळायला हवा होता.

२०१० मध्ये युरोपच्या दौऱ्यानंतर त्याला अमेरिकेत परत प्रवेश नाकारला गेला. तिथे वाढला तरी तो तिथला नागरिक नव्हता. पुढची वर्षे इंग्लंडमध्ये गेली. २०१४ मध्ये त्याने एका किशोरवयीन रॅपरसाठी संगीत केले. त्या मुलाने आपले टोपणनाव पंडित नेहरूंवरून 'बिशप नेहरू' असे घेतले होते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समध्ये डूम गेला. पत्नीने ही बातमी जगाला दिली ती दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला.

ज्यांना ऐकायचे आहे, पण इंग्रजीच्या त्या वेगाची धास्ती वाटते, त्यांनी 'स्पेशल हर्ब्ज' या मालिकेपासून सुरुवात करावी. २००१ ते २००५ या काळात आलेल्या या दहा भागांत शब्द नाहीत, नुसते संगीत आहे, आणि बहुतेक रचनांना वनस्पतींची नावे आहेत. केशर आहे, मेथी आहे, पुदिना आहे. एका रचनेचे नाव तर चक्क 'सफेद मुसळी' आहे. मेथीवर पुढे घोस्टफेस किला या रॅपरने २००६ मध्ये गाणे बांधले. आधी नुसती मेथी ऐकावी, मग ते गाणे. एकाच ठेक्यावर शब्द कसे चढतात ते कानाला आपोआप कळते. 'मॅडव्हिलनी' त्यानंतर, रात्री, एका बैठकीत.